खुब्याचें हाड मोडल्यावर घरांतील शुश्रूषा

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, परतूर तालुक्यांत, वाटूर हें गांव लागतें. एस. टी.नें प्रवास करणाऱ्या पुष्कळांस 'वाटूर फाटा' म्हणून तें ठाऊक असतें. मराठवाड्यांतील अशा गांवांतून जुन्या वळणाचीं घरें अद्याप दिसतात : उंच उंबरठा, ढेलज, ओसरी, मध्यें चौक, आणि मागें परसाच्या बाजूस न्हाणी. तीं उन्हाळ्यांत थंड राहतात व मोठ्या कुटुंबास पुरतात. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या पायांना त्यांतील प्रत्येक चढउतार जड जातो. ओल्या न्हाणींत पाय घसरला, किंवा पहांटेच्या अंधारांत उंबरठ्याची ठेंच लागली, आणि घरांतील वडील माणूस जें पडलें तें पुन्हां उभें राहिलें नाहीं, असें वर्तमान बहुतेक वाचकांनीं आपल्या नात्यागोत्यांत एकदां तरी ऐकलें असेल. अशा माणसास इस्पितळांतून घरीं आणल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत घरच्यांनीं काय करावें, ह्याचा विचार ह्या वेळीं करावयाचा आहे.

'खुबा मोडला' असें आपण म्हणतों; प्रत्यक्षांत मोडतें तें मांडीच्या हाडाचें वरचें टोंक. हें टोंक गोळ्यासारखें असून कमरेच्या हाडांतील वाटींत फिरतें. गोळा व खालची दांडी यांस जोडणारा जो निमुळता भाग, त्यास हाडाची मान म्हणतात. वाढत्या वयाबरोबर हाड विरळ व ठिसूळ होत जातें. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांचा ऱ्हास अधिक वेगानें होतो, म्हणून हा अपघात स्त्रियांना अधिक घडतो. उभ्या उभ्या तोल जाऊन पडणेंहि मग पुरेसें होतें. पडल्यावर उठतां येत नाहीं, जांघेंत कळ येते, पाय आंखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या अंगास वळतें. अशीं चिन्हें दिसल्यास पाय चोळणें, ओढणें किंवा हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेणें कटाक्षानें टाळावें. माणसास आहे तसें आडवें ठेवून दोन्ही पायांमध्यें उशी द्यावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. क्वचित् हाडास केवळ तडा जातो व माणूस लंगडत चार पावलें टाकूं शकतें. म्हणून पडल्यानंतर जांघेंतील दुखणें राहिलें तर क्ष-किरण चित्र काढल्यावांचून स्वस्थ बसूं नये.

ह्यानंतर घरांत पहिला प्रश्न निघतो तो असा : "इतकें वय झालें, आतां चिरफाड कशाला? पडून राहतील, आम्ही सेवा करूं." हें बोलणें प्रेमाचें असतें ह्यांत शंका नाहीं, परंतु त्याचा परिणाम काय होतो तें समजून घेतलें पाहिजे. शस्त्रक्रिया न केल्यास कित्येक आठवडे अंथरुणांत जातात. म्हाताऱ्या देहाला तेवढ्या अवधींत पाठीस जखमा होतात, छातींत कफ सांठून न्युमोनिया होतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गांठी बनतात, आणि मांडीचे स्नायु दिवसेंदिवस झिजतात. पाश्चात्त्य देशांतील नोंदींप्रमाणें हें हाड मोडलेल्या वृद्धांपैकीं सुमारें पांचांत एक ते चौघांत एक वर्षाच्या आंत दगावतात. त्यांतील पुष्कळांचा घात मोडलेल्या हाडापेक्षां ह्या उपद्रवांनींच होतो. शस्त्रक्रियेचा मुख्य हेतु माणसाला दुसऱ्या दिवशीं उभें करतां यावें हा आहे. मान मोडली असेल तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा संभव असतो, म्हणून बहुधा तो काढून धातूचा गोळा बसवितात. त्याच्या खालीं मोडलें असेल तर सळई व स्क्रू घालून हाड जोडतात. हें काम शक्य तों एक-दोन दिवसांत व्हावें असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. १७ देशांतील सुमारें ३,००० रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. निदानानंतर सुमारें सहा तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि सुमारें चोवीस तासांनीं झालेले, ह्यांच्या मृत्युसंख्येंत फरक दिसला नाहीं. परंतु लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना भ्रम कमी झाला व ते लवकर उभे राहिले. हृदयाच्या किंवा अन्य विकारामुळें एखाद्यास शस्त्रक्रिया सोसणार नसेल, तर तो निर्णय डॉक्टरांनीं द्यावा; केवळ वयाचा आंकडा पाहून तो घरांतल्यांनीं देऊं नये.

अंथरुण हेंच औषध, ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असें नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडांतहि असे वृद्ध इस्पितळाच्या खाटेवर वर्षानुवर्षें पडून असत. १९३५ मध्यें लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाकडे गरिबांच्या रुग्णालयांतील सातशेंहून अधिक जुने रोगी आले आणि ते डॉ. मार्जरी वॉरेन ह्या बाईंच्या हातीं सोंपविले गेले. बाईंनीं प्रत्येकाची नीट तपासणी केली, उठण्याजोग्या लोकांना उठविलें, बसविलें, चालविलें. आणि कायमचे पंगु ठरलेले कितीतरी लोक आपल्या पायांनीं घरीं गेले. वृद्धांच्या वैद्यकाचा आरंभ पुष्कळ अंशीं येथून धरतात. आपल्याकडे पोलिओच्या निमित्तानें १९५० च्या दशकांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यायामोपचाराचें शिक्षण सुरू झालें. हाजी अली येथील अखिल भारतीय पुनर्वसन संस्था १९५५ मधील आहे. ती विद्या आतां जिल्ह्याच्या गांवापर्यंत पोंचली आहे. तथापि वाटूरसारख्या गांवीं फिजिओथेरपिस्टनें रोज दारीं येणें कठीण, म्हणून बरेंचसें काम घरच्यांनींच शिकून घ्यावें लागतें.

घरचें काम दुय्यम समजण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंत २३२ रुग्णांवर केलेल्या व २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, इस्पितळाचा व नेहमींचा उपचार संपल्यावर निम्म्या रुग्णांना उठणें, बसणें, पायरी चढणें असे साधे व्यायाम घरीं सहा महिने करावयास सांगितले होते. शिकविणारा तीन-चार वेळांच घरीं आला. पुढें महिन्याकांठीं दूरध्वनीवरून चौकशी होत असे. तेवढ्यानेंहि हालचालींत सुधारणा दिसली, जरी ती माफक होती. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत मात्र घरीं व्यायाम देऊनहि बाहेर हिंडण्याफिरण्याच्या शक्तींत ठळक फरक आढळला नाहीं. तेव्हां व्यायाम ही जादू नव्हे. मोडण्यापूर्वीं जशी चाल होती तशी पुन्हां साधारण निम्म्याच लोकांना लाभते. परंतु न चालणाऱ्याला ती कधींच लाभत नाहीं, आणि बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांतच होते. म्हणून हे दिवस वायां जाऊं देऊं नयेत.

आतां घराची तयारी. रोगी इस्पितळांत असतांनाच कोणीतरी एकानें घरीं परतून ती करावी. खोली तळमजल्यावरची व न्हाणीच्या जवळची असावी, मग ती दिवाणखान्याची असली तरी चालेल. सुतळीची बाज कामाची नाहीं. ती मध्यें खोल जाते व माणसाला उठतां येत नाहीं. सपाट फळीची खाट असावी आणि कांठावर बसल्यावर पाय जमिनीस टेकून गुडघे कमरेहून किंचित् खालीं राहावे, इतकी ती उंच असावी. खाट ठेंगणी असल्यास पायांखालीं खांच पाडलेले लांकडी ठोकळे द्यावेत; नुसत्या विटा सरकतात. हात टेकतां येतील अशी, सुमारें अठरा ते वीस इंच उंचीची एक भक्कम खुर्ची पाहिजे. उकिडवें बसण्याचा शौचकूप कांहीं महिने वर्ज्य समजावा व कमोडची खुर्ची आणावी. न्हाणींत रबरी पट्टी अंथरावी, बसून स्नान करण्यास उंच स्टूल ठेवावें, आणि भिंतींत लोखंडी नळीची मूठ पक्की बसवून घ्यावी. गांवचा वेल्डर व गवंडी मिळून हें काम अर्ध्या दिवसांत करतात. वाटेंतील पायपुसणीं, चटया व विजेच्या तारा काढून टाकाव्या. रात्रीं खाटेपासून न्हाणीपर्यंत उजेड असावा, आणि वीज जाण्याचा भरंवसा नसल्यामुळें उशाशीं विजेरी ठेवावी. पायांत सैल चप्पल नसावी, टांचेस पट्टा असलेलें पायताण असावें. लुगड्याचा घोळ पावलांत येऊं देऊं नये.

धार्मिक घरांतून आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें लागतें. सोंवळ्यांतील ओल्या वस्त्रांनीं न्हाणीपासून देवघरापर्यंत जातांना पाणी निथळतें व फरशी निसरडी होते. पडण्याचें हें कारण आपल्या घरांत फारच साधारण आहे. दुसरी गोष्ट पाटावर बसण्याची. गोळा बदललेल्या माणसानें खुबा काटकोनापेक्षां अधिक वांकवूं नये, पायावर पाय टाकूं नये व पाऊल आंतल्या बाजूस वळवूं नये, असे निर्बंध पुष्कळ सर्जन सहा ते बारा आठवडे घालतात. शस्त्रक्रियेच्या रीतीप्रमाणें ते कमीअधिक असतात, तेव्हां घरीं येण्यापूर्वींच ते विचारून, लिहून घ्यावेत. मांडी घालून पूजा करणें त्या अवधींत शक्य नाहीं. देव एका उंच मेजावर मांडून आजींना खुर्चीवर बसून पूजा करूं द्यावी. पूजा बंद ठेवण्यापेक्षां हें शतपटीनें बरें, कारण तेवढ्यासाठीं त्या रोज स्नान करून खाटेवरून उठतील.

व्यायाम तीन पायऱ्यांनीं वाढवावयाचा. घरीं आणल्यावर पहिल्या दिवसांत, निजल्या निजल्या : दोन्ही पावलें घोट्यांतून वरखालीं करणें, गुडघ्याखालीं गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो गुडघ्यानें दाबणें व पांच अंक मोजून सोडणें, बैठकीचे स्नायु आंवळून धरणें, टांच खाटेवरून घसरवीत गुडघा निर्बंधाच्या मर्यादेंत वांकविणें. प्रत्येक प्रकार दहा वेळां, दिवसांतून तीनदां. दुसरी पायरी खुर्चींतली : बसून पाय समोर सरळ उचलणें, आणि हातांचा आधार घेऊन खुर्चीवरून उठणें व सावकाश बसणें. हें उठणें-बसणें सर्व व्यायामांचा राजा समजावा. पांच वेळांपासून आरंभ करून दहांपर्यंत न्यावें, आणि जसजसें बळ येईल तसतसा हातांचा भार कमी करावा. तिसरी पायरी उभ्यानें : ओट्याचा कांठ दोन्ही हातांनीं धरून टांचा उचलणें, पाय बाजूस नेऊन परत आणणें, व पुढें एका ठेंगण्या पायरीवर चढउतार करणें. डॉक्टरांनीं दुखण्यावर गोळी दिली असल्यास ती व्यायामापूर्वीं अर्धा-पाऊण तास द्यावी. दुखतें म्हणून व्यायाम टाळण्यापेक्षां दुखणें आंवरून तो करवावा. व्यायामानंतर थोडें ठणकणें साहजिक आहे. तें रात्रभर राहिलें, तर दुसऱ्या दिवशीं प्रमाण थोडें उतरवावें, बंद करूं नये.

चालण्याचा क्रम असा : आधीं वॉकर पुढें, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. पायावर किती भार द्यावयाचा हें सर्जनकडून स्पष्ट विचारून घ्यावें. हल्लीं बहुतेकांना सोसेल तेवढा भार देण्याची मोकळीक असते. पहिल्या आठवड्यांत खाटेपासून दारापर्यंत, मग ओसरीपर्यंत, मग चौकांत एक फेरी, अशी वाट दिवसांतून चार-पांच वेळां चालवावी. एकदांच पुष्कळ चालविण्यापेक्षां थोडें थोडें बरें. उंबरठा किंवा पायरी चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा पाय आधीं, हें घरांतील लहान मुलांनाहि पाठ असावें. वॉकर सुटून काठी आली कीं ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातांत धरावी. दुखऱ्या बाजूस धरण्याची चूक सर्रास आढळते. घरच्यानें आधार देतांना दंड ओढूं नये. दुखऱ्या अंगास, किंचित् मागें उभें राहून कमरेशीं हात ठेवावा.

आहाराविषयीं थोडें लिहिलें पाहिजे. हाड जुळावयास व स्नायु भरावयास प्रथिनें लागतात, आणि आपल्या घरांतील वृद्ध माणूस नेमकें तेंच कमी खातें : चहा, मऊ भात, वरणाचें पाणी, कीं झालें जेवण. घट्ट वरण, पिठलें, मुगाची किंवा मटकीची उसळ, दूध, दही, पनीर, शेंगदाण्याची चटणी, तिळाचे पदार्थ, ह्यांतील कांहीं ना कांहीं प्रत्येक जेवणांत असावें. दांत नसल्यास उसळ वाटून द्यावी. ज्यांस मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं प्रमाण डॉक्टरांस विचारावें. निदान तीन महिने उपवास सोडावे. आजारी माणसास शास्त्रानेंहि सूट दिली आहे, हें घरांतील पुरुषांनीं आजींना समजावून सांगावें. सकाळचें ऊन, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम ह्यांविषयीं डॉक्टर सांगतील तसें करावें. मलावरोध हा ह्या दिवसांत हमखास होणारा त्रास आहे. पाणी, फळें व चालणें ह्यांनीं तो आटोक्यांत राहतो. न्हाणीस जावें लागेल म्हणून पुष्कळ बायका पाणीच पीत नाहींत, तिकडे सुनेनें लक्ष ठेवावें.

मनाचा भाग ह्याहून नाजूक आहे. शस्त्रक्रियेनंतर कांहीं वृद्धांना भ्रम होतो. भलत्याच माणसांशीं बोलतात, रात्रीं उठूं पाहतात. हें वेड नव्हे. तथापि डॉक्टरांस अवश्य कळवावें. चष्मा, श्रवणयंत्र, घड्याळ व ओळखीचें माणूस जवळ असल्यास तो लवकर निवळतो. पुढें उरते ती पुन्हां पडण्याची भीति. ती इतकी बळावते कीं माणूस बसल्या जागेवरून हलावयास तयार होत नाहीं. आणि येथेंच आपलें एकत्र कुटुंब आड येतें. हात पुष्कळ असतात. एक नात पाणी आणते, एक सून भरविते, मुलगा उचलून खुर्चीवर ठेवतो. सर्वांना वाटतें कीं आपण कर्तव्य केलें. परंतु दोन महिन्यांत आजींचे हात व पाय, आणि त्यांबरोबर घरांतील त्यांचें मत, हीं तिन्ही निकामी होतात. जें त्या स्वतः करूं शकतात तें दुसऱ्यानें करूं नये, असा नियम सर्वांनीं मिळून करावा. ताट खुर्चीपाशीं आणून देण्याऐवजीं त्यांनीं चार पावलें चालून मेजापाशीं यावें. भाजी निवडणें, वाती वळणें, नातवाचा पाढा घेणें, अशीं बसून करण्याचीं कामें त्यांच्याकडेच ठेवावीं. वेळ अधिक लागेल, पण तो वेळ वायां जात नाहीं.

तरी हें सर्व करावयाचें कोणी? बहुतेक घरांत उत्तर न विचारतां ठरलेलें असतें : सुनेनें. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, कित्येकींची नोकरी, आणि वर सासूबाईंचें उठणें-बसणें, रात्रीं दोनदां कमोड. सहा महिने हें एकटीनें करणें म्हणजे दुसरी कंबर मोडण्याची तयारी होय. मुलें पुण्यास किंवा मुंबईस असतील तर त्यांनीं पैसे पाठवून मोकळें होऊं नये. एकानें पहिला महिना घरून काम करावें, दुसऱ्यानें दुसरा. निदान रात्रीची पाळी पुरुषांनीं घ्यावी. मामंजींना आपल्या पत्नीचे दोन व्यायाम रोज मोजून घेणें कांहीं अवघड नाहीं, आणि त्यांत त्यांच्या मोठेपणास बाध येत नाहीं. भिंतीवर कागद लावून कोणता व्यायाम किती वेळां झाला तें नातवंडांकडून लिहवून घ्यावें. फिजिओथेरपिस्टला परतूर किंवा जालन्याहून आरंभीं तीन-चार वेळां बोलवावें, प्रत्येक हालचाल घरांतील दोघांनीं तरी शिकून घ्यावी, आणि पुढें फोनवरील चित्रसंभाषणानें दाखवीत जावें. खर्चाविषयीं इतकेंच कीं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षें व त्यावरील सर्व वृद्धांना, उत्पन्न कितीहि असो, आयुष्मान भारत योजनेचा लाभ खुला झाला आहे. त्याचें कार्ड अपघाताच्या आधींच काढून ठेवावें.

पुढील चिन्हें दिसल्यास घरगुती उपाय न करतां त्वरित डॉक्टर गांठावा : एका पोटरीस सूज व दुखणें, एकाएकीं धाप किंवा छातींत कळ, ताप, जखमेची लाली किंवा पू, चालणारा पाय अचानक टेकतांच न येणें किंवा आंखूड दिसणें, आणि पाठीच्या खालीं किंवा टांचेवर न जाणारा लाल डाग. रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें दिलीं असतील तर तीं मनानें बंद करूं नयेत.

शेवटीं एक गोष्ट, जी सर्वांत अधिक विसरली जाते. एक खुबा मोडला ह्याचा अर्थ हाडें ठिसूळ आहेत, आणि दुसरें हाड मोडण्याचा धोका उभा आहे. तरीहि पुष्कळांचा उपचार टांके काढल्यावर संपतो. झोलेड्रोनिक ॲसिड नांवाचें वर्षांतून एकदां शिरेंतून द्यावयाचें औषध खुबा मोडलेल्या २,१२७ रुग्णांपैकीं निम्म्यांना देऊन पाहिलें, तेव्हां नवे अस्थिभंग सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले व मृत्यूहि कमी झाले, असें २००७ मध्यें प्रसिद्ध झालें. हें किंवा दुसरें कोणतें औषध आपल्या रोग्यास योग्य, हें मूत्रपिंडाची व रक्ताची तपासणी करून डॉक्टर ठरवितील. आपण विचारण्याचें काम करावें. त्याच वेळीं डोळ्यांतील मोतीबिंदु, झोंपेच्या गोळ्या, आणि उठतां क्षणीं येणारी भोंवळ ह्यांचीहि तपासणी करवून घ्यावी, कारण पहिल्यांदा पाडणारें कारण बहुधा ह्यांतच सांपडतें.

ह्या सर्व खटाटोपाचें माप घरच्यांनीं काय धरावें? डोंगर चढण्याची अपेक्षा कोणाचीच नसते. रात्रीं कोणास न उठवितां वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाणें, आपल्या हातानें वेणी घालणें, ओसरीवर येऊन दारावरून जाणाऱ्या शेजारणीशीं बोलणें, एवढें साधलें तर वृद्ध माणसाचा मान त्याच्या हातांत राहिला असें समजावें. तें साधावयास पैसा व विद्या लागते त्याहून अधिक घरांतील माणसांचा रोजचा अर्धा तास लागतो, आणि तो ज्या घरांत निघतो त्या घरांतील पडलेलें माणूस बहुधा उभें राहतें.